टाचणीची बैठक

तू आत्ता जिथे बसून हे वाचत असशील, तिथून जरा घराच्या दाराकडे बघ. दार बंद आहे अशी कल्पना कर. तुझं सगळ्यात लाडकं माणूस आत्ताच त्या दारातून बाहेर गेलं आहे, आणि जाताना एवढंच सांगून गेलं आहे की पाच मिनिटं, मी येईपर्यंत हलायचं नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही, नाकावर माशी बसली तरी नाही, शेजारच्या खोलीतून कुणी खाऊ दाखवून हाक मारली तरी नाही. सुरुवातीला सोपं वाटतं. एक मिनिट झालं की पाठीला खाज सुटते. दोन झाली की भिंतीवरचं घड्याळ उगाच मोठ्याने वाजायला लागतं. तिसऱ्या मिनिटाला मात्र वेगळंच काहीतरी होतं. दाराकडे बघून बघून असं वाटायला लागतं की गेलेलं माणूस लांब कुठे गेलेलंच नाही. ते दाराला चिकटून पलीकडे उभं आहे, श्वास रोखून, आणि आपण इकडून जेवढं बघतो आहोत तेवढंच ते तिकडून आपल्याकडे बघतं आहे. घाबरू नकोस. हलूही नकोस. आता अशी कल्पना कर की ही पाच मिनिटं कधी संपलीच नाहीत.

कवळ्या करणाऱ्या बाईंना बुधवारी दुपारी फोन आला तेव्हा त्यांच्या हातात कुणा अनोळखी माणसाचा खालचा जबडा होता. प्लास्टरचा, अजून ओलसर. लॅबमध्ये सहा टेबलं, मधोमध पॉलिशचं चाक, आणि भिंतीला लागून फळ्यांवर ओळीने मांडलेले जबडे, प्रत्येकाला मागे चिकटवलेली नंबराची चिठ्ठी. तीस वर्षं बाई या तोंडांच्या समोर बसून काम करत होत्या आणि त्यांना त्यांचं कधी काही वाटलं नव्हतं. फोनवरचा आवाज विहिरीतून यावा तसा घुमत होता, कारण बोलणारा दुरुस्तीला घेतलेल्या लिफ्टच्या पोकळीत, थांबवून ठेवलेल्या पाळण्याच्या टपावर उभा होता. "ताई, लिफ्टवाला बोलतोय. तुमची टाचणी हललेली नाही." बाईंना आधी नीट कळलंच नाही. मग तो सावकाश सांगत गेला. शनिवारी दुपारी बाई आपल्या कुत्रीला, टाचणीला, त्याच्या घरी सोडून निघाल्या, त्या घटकेपासून ती दाराकडे तोंड करून बसली होती. ताटली समोर नेऊन ठेवली तर नजर दारावर ठेवूनच चार घास खायची. पट्टा लावून दोन वेळा खाली नेलं तर निमूट यायची, आपलं काम उरकायची, आणि वर आली की त्याच फरशीवर परत बसायची. पहाटे उठून बघावं तर तशीच. त्याला वाटलं, बाहेर पळायचं असेल, म्हणून त्याने दार सताड उघडून ठेवून पाहिलं. ती उठलीसुद्धा नाही. रिकाम्या जिन्याकडे बघत राहिली, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखी. "आणि आमच्या आजीबाई म्हणतात, आहेच कुणीतरी," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. आजीबाई म्हणजे त्याची नऊ वर्षांची मुलगी. म्हाताऱ्या माणसासारखी विचार करून बोलते, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. रविवारपर्यंत वाट बघतो, तो शेवटी म्हणाला, पण पोरगी शाळेतून आली की तिच्या शेजारीच बसून राहते हो, अभ्यास नाही, खेळणं नाही, आणि मला माझ्याच घरात पाय टाकायला कसंतरी होतं. रविवारी तुम्ही तिला न्या, नाहीतर दुसरं कुणी बघा.

बाईंनी जबडा खाली ठेवला. बरं, म्हणाल्या. पुन्हा उचलला, आणि मेण लावायच्या ऐवजी नुसत्याच त्याच्याकडे बघत बसल्या. दुसरं कुणी म्हणजे कोण, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पदकवाला. टाचणीला नवं घर शोधायला निघाल्यावर सगळ्यात आधी तोच दारात उभा राहिला होता. त्याच्याकडे स्पर्धांसाठी पाळलेली अकरा कुत्री आणि अकरा पिंजरे होते, आणि त्याने आल्या आल्या टाचणीचं तोंड उघडून दात पाहिले होते. दात तिचे स्वतःचेच आहेत, मी बसवलेले नाहीत, असं बाई म्हणाल्या होत्या, तर त्याला विनोद कळलाही नव्हता. तिला किती प्रकार येतात, अजून किती वर्षं मैदानावर टिकेल, पिल्लं होतील का. त्यानंतर एक जोडपं आलं, त्यांना टाचणी नव्या सोफ्याशेजारी कशी दिसेल ते पाहायचं होतं. मग लिफ्टवाला आला, हातापायांना ग्रीसचा वास, सोबत ही मुलगी. मुलगी टाचणीपासून चार हात लांब खाली बसली, तिने हात पुढे केला नाही की चुकचुक केलं नाही, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "मावशी, तिला काय आवडत नाही?" सहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पंचांनी नाही, बातमीदारांनी नाही, बाईंनी स्वतःही नाही. त्यांच्या ओठावर जे उत्तर आलं ते त्यांनी गिळलं आणि शिट्टीचा आवाज आवडत नाही, असं काहीतरी सांगितलं. पण घर त्याच क्षणी ठरलं.

ओठावर आलेलं उत्तर काय होतं ते सांगायचं तर बैठकीबद्दल सांगावं लागेल. स्पर्धेत खूप प्रकार असतात, उड्या असतात, वासावरून वस्तू शोधणं असतं, पण टाचणीचं नाव झालं ते बैठकीत. दहा कुत्री एका रांगेत बसवतात. मालक आपापल्या कुत्र्याला तळहात दाखवतो, थांब, आणि पाठ फिरवून चालू लागतो. मागे बघायचं नाही, बघितलं तर गुण कापतात. मैदानाच्या कडेला कापडी पडदा ताणलेला असतो, त्याच्यामागे सगळे मालक जाऊन उभे राहतात, न बोलता, न खोकता. पाच मिनिटं. इकडे पंच कुत्र्यांकडे बघत असतो आणि कुत्री पडद्याकडे. पाच मिनिटांनी मालकाने परत यायचं, कुत्र्याला मागून वळसा घालून त्याच्या उजव्या अंगाला उभं राहायचं, आणि पंचाने मान हलवली की सोडायचं. बाई अंगठा टाचणीच्या कानामागे ठेवायच्या आणि म्हणायच्या, झालं. टाचणी बसायची ती जमिनीत खोचल्यासारखी, म्हणून तर तिचं नाव टाचणी पडलं. बाकीचे लोक पडद्याआड घड्याळं बघत, नखं खात. बाईंना पहिल्या मिनिटातच काहीतरी व्हायला लागायचं. कापडाचा जुनाट, उन्हात तापलेला वास नाकात जायचा, आणि आपले हातपाय आपलेच आहेत हे त्यांना मनातल्या मनात मोजून घ्यावं लागायचं. पलीकडे एक जीव आपल्याकडे बघतो आहे, कापडातून, न चुकता नेमका आपण उभ्या आहोत तिथे, हे त्यांना पाठीवर ऊन लागावं तसं जाणवायचं. आपण उरलो आहोत ते तेवढ्या बघण्यामुळे. ते बघणं थांबलं तर पडद्यामागे नुसती चिखलात उमटलेली चपलांची जोडी सापडेल. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये सांगितलं असतं तर पोरींनी महिनाभर चिडवलं असतं.

आणि टाचणीला तसं बघायला त्यांनीच शिकवलं होतं, केवढ्या चिकाटीने. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने ती उठता कामा नये, म्हणून त्यांनी इमारतीतल्या सगळ्या मुलांना कामाला लावलं होतं. मुलांनी चेंडू आपटले, तिच्या पंजांजवळून मांसाचे तुकडे घरंगळवले, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या. टाचणी हलली की बाई यायच्या, न रागावता तिला जागेवर बसवायच्या आणि पुन्हा जायच्या. मग त्यांना वाटलं, समजा कुणी आपल्यासारखाच आवाज काढला तर? म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज फोनवर भरून घेतला, टाचणी, झालं, आणि तो फोन शेजारच्या खोलीत ठेवून वाजवला. टाचणी आनंदाने उठली. बाईंनी तिला परत बसवलं. अठरा वेळा ती उठली. अठराव्या वेळी तिने बाईंकडे असं पाहिलं की त्यांना क्षणभर लाज वाटली. एकोणिसाव्या वेळी बाईंचा आवाज बाईंसारखाच बोलला, आणि टाचणी हलली नाही. कान तेवढे मागे पडले. त्या दिवशी बाईंनी लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला होता.

त्याचं फळ मिळालं ते चौदा महिन्यांपूर्वी. पडद्यामागे दुसऱ्या मिनिटाला बाईंच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. तीस वर्षांची भुकटी, प्लास्टरची, घासलेल्या खोट्या हिरड्यांची, आणि वरून टाचणीचे केस, हे सगळं डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. त्या वेळी एवढंच कळलं की आत घेतलेला श्वास बाहेर जात नाही. त्या कोसळल्या. कुणीतरी ओरडलं. पडदा फाटून खाली आला, माणसं धावली, रांगेतली नऊच्या नऊ कुत्री उठून भुंकायला लागली. त्या गोंधळात जमिनीवर आडव्या पडलेल्या बाईंना लोकांच्या पायांच्या मधून टाचणी दिसली. ती बसली होती. पडदा नव्हता, बाई तिला दिसत होत्या, निळ्या पडलेल्या, तोंड वासलेल्या, त्या फळ्यांवरच्या तोंडांसारख्या, आणि ती त्यांच्याकडे बघत ताठ बसली होती. नखशिखान्त थरथरत होती, पण बसली होती. गाडी येऊन बाईंना घेऊन गेली. त्या दिवशी टाचणीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पंचकाका, ज्यांनी ते गुण दिले होते, तिला आपल्या घरी घेऊन गेले, आणि तिथे ती चार दिवस तशीच बसून राहिली. बाईंनी इस्पितळातून येऊन अंगठा लावला तेव्हा कुठे उठली. पंचकाका बाईंना वडलांच्या जागी होते, त्यांची जीभ तशीच चालायची. "अगं, तू कुत्री शिकवलीस का विजेचा खांब पुरलास?" ते म्हणाले होते. बाई हसल्या होत्या. तिला सगळ्यात नावडती गोष्ट कोणती ते त्यांना त्या दिवशी कळलं होतं, आणि ती त्यांनी तिच्याकडून सहा वर्षं करून घेतली होती.

डॉक्टरांनी वर्षभर औषधं दिली आणि मग स्पष्ट सांगितलं. कुत्री घरात राहिली तर पुढच्या वेळी गाडी वेळेवर येईलच असं नाही. म्हणून नवं घर. बाईंनी सगळं रीतसर केलं. टाचणीची गोधडी दिली, वाडगा दिला, कधी काय खायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. लिफ्टवाल्याकडे जागा छोटी पण नेटकी होती, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीत मुलीने लावलेली दोन रोपं. मुलीची आई दुसऱ्या गावी कामाला होती, पंधरा दिवसांनी यायची. बाप सहाला यायचा. शाळा सुटल्यापासून सहापर्यंत मुलगी एकटी, आणि एकटीने बसून बसून तिला जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतं आहे ते कळायचं. घराला कुणीतरी सोबत हवी होती आणि टाचणीला काहीही सिद्ध करायला न लावणारं माणूस. सगळं जुळलं होतं. बाई निघाल्या तेव्हा रडल्या नाहीत, मागे वळल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी जमीन पुसली, केस गोळा केले, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. तेव्हापासून ते सुरू होतं. पाठीवर ऊन लागल्यासारखं. भिंतीकडे पाठ केली की भिंतीतून, खिडकीकडे केली की खिडकीतून, शहराच्या त्या टोकाकडून, नेमकं त्या उभ्या असतील तिथे. खोलीच्या भिंती जराशा हलल्यासारख्या वाटायच्या, ताणलेल्या कापडासारख्या. चहाच्या भांड्यावर झाकण ठेवतानाही त्यांना खोकला दाबून ठेवावासा वाटायचा. लॅबमधल्या पोरी म्हणाल्या, बाई, तुम्ही कुठे आहात, दोनदा हाक मारली.

बुधवारी संध्याकाळी काम संपवून बाई लॅबमधून निघाल्या. दार अर्धं ओढून घेतलं, कुलूप लावायच्या आधी नेहमीसारखं एकदा आत पाहिलं, आणि समोरच्या पत्र्याच्या कपाटात त्यांना आपलं प्रतिबिंब दिसलं. लॅबच्या झग्यातली एक बाई, उजवा हात छातीपुढे उचललेला, तळहात बाहेर. फळ्यांवरच्या जबड्यांना ती थांब म्हणत होती. बाई कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. तो खाली घ्यावा हेही सुचेना. हजारो वेळा जी खूण केली ती कुठूनही निघताना हात आपणहून करायला लागला होता, हे त्यांना माहीतच नव्हतं. शनिवारी लिफ्टवाल्याच्या दारात, रडू न येऊ देण्यातच सगळं लक्ष असताना, हात काय करत होता? त्यांनी तिथूनच लिफ्टवाल्याला फोन लावला आणि मुलीला द्यायला सांगितलं. हो मावशी, मुलगी म्हणाली, तुम्ही तिला तळहात दाखवला आणि मागे न बघता गेलात. मला वाटलं, तुमच्यात असाच निरोप घेतात.

बाईंनी फोन टाचणीच्या कानाजवळ धरायला सांगितलं. माहीत होतं काय होणार ते, तरी सांगितलं. टाचणी, त्या म्हणाल्या, झालं. पलीकडे काही हललं नाही. झालं गं, झालं, त्या पुन्हा म्हणाल्या, आणि आवाज फाटला. मुलीने फोन परत आपल्या कानाला लावला आणि हळू आवाजात सांगितलं की टाचणीने कान मागे पाडले आहेत आणि ती थरथरते आहे, मावशी, पुन्हा नका म्हणू.

पंचकाकांचं म्हणणं होतं की जाऊ नकोस. तू परत जाऊन सोडवलंस तर तिचा हिशोब पक्का झाला, बाई गेली की कधीतरी येते. चार दिवसांनी आली, आठ दिवसांनी आली. मग ती तुझ्यासाठी जन्मभर बसेल, मरेपर्यंत त्या पोरीची होणार नाही. आणि नाही गेलीस तरी बसणारच. हे सांगताना नेहमीचा खवचटपणा त्यांच्या आवाजात नव्हता. मग ते म्हणाले, पदकवाला काल मला विचारत होता. त्याच्याकडच्या पिंजऱ्यात कुत्रं बसलं काय आणि उभं राहिलं काय, त्याला फरक पडत नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार त्यांनी कवळ्या केल्या. एका म्हाताऱ्याची कवळी तोंडात बसत नव्हती म्हणून परत आली होती, ती पुन्हा घासली. घासताना सारखं वाटत होतं की आपण पडद्याआड उभ्या आहोत आणि कुणीतरी वेळ मोजायचं विसरलं आहे.

रविवारी अकराच्या सुमारास त्या लिफ्टवाल्याच्या इमारतीत शिरल्या. लिफ्ट होती, पण ती बंद होती, आणि एरवी याचं त्यांना हसू आलं असतं. प्रत्येक वळणावर थांबून श्वास घेत त्या चढल्या. मनात एकच ठरवलं होतं. वळसा घालायचा, सोडायचं, मुलीचा हात टाचणीच्या डोक्यावर ठेवायचा आणि निघायचं. पुढचं पुढे. शेवटच्या वळणावर त्यांनी वर पाहिलं तर दार उघडंच होतं, आणि उंबऱ्याच्या आत टाचणी, तशीच ताठ, आणि तिच्या शेजारी मांडी घालून मुलगी. "ती तुम्हाला पहिल्या मजल्यापासून बघतेय," मुलगी म्हणाली.

आत बाप भिंतीला टेकून उभा होता. या ताई, एवढंच म्हणाला. टाचणी वाळली होती. बाईंनी तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं, डाव्या अंगाने मागून वळसा घातला, तिच्या उजवीकडे येऊन उभ्या राहिल्या, मनात तीन मोजले. वाकल्या. अंगठा कानामागे ठेवला. तिथली लव तशीच होती, ऊबही तशीच. झालं, त्या म्हणाल्या.

टाचणी उठली नाही. तिने मान वर करून बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. ती समोर बघत होती, उघड्या दारातून, बाई आत्ताच ज्या पायऱ्या चढून आल्या त्यांच्याकडे. बाईंनीही तिकडे पाहिलं. जिना रिकामा होता. कठड्याच्या लोखंडावर ऊन पडलं होतं. आणि तरी टाचणीच्या नजरेला शेवट होता, ती जाऊन कशावर तरी टेकत होती, माणसाच्या उंचीवर. बाईंना एकदम कळलं की आपण आत आलो आहोत असं तिला वाटतच नाही. जी पडद्याआड गेली ती अजून तिथेच आहे, आणि ही जी आली आहे, जिने अंगठा लावला, झालं म्हटलं, ती शेजारच्या खोलीत ठेवलेल्या फोनसारखी काहीतरी आहे. बाईंसारखीच बोलणारी. त्यांनी पुन्हा अंगठा दाबला. पुन्हा म्हटलं. स्वतःच्या कानांना तो आवाज भरून ठेवलेला वाटला. छातीत शिट्टी सुरू झाली होती.

"नेते मी हिला," त्या म्हणाल्या. कुणाकडे नेणार ते त्यांनी सांगितलं नाही, पण बापाला समजलं असावं, त्याने खाली पाहिलं आणि खुंटीवरचा पट्टा काढला. तेवढ्यात मुलगी उठली. तिने पट्टा बापाच्या हातातून घेतला आणि परत खुंटीला लावला. आठ दिवस ती टाचणीच्या शेजारी बसली होती, टाचणी जिकडे बघत होती तिकडेच बघत. त्यामुळे मोठ्यांना जे दिसत नव्हतं ते तिला साधं दिसत होतं. "मावशी, तुम्ही आता आत आहात," ती म्हणाली. "ती बाहेर गेलेल्याची वाट बघतेय. आणि बाहेर कुणीच नाहीये. मग येणार कोण?"

बाप म्हणाला, आजीबाई, पुरे आता. पण ती चपला घालत होती. त्या घालून ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

खोलीत अंधारून आल्यासारखं झालं. बाईंचे पाय थकले होते, त्या टाचणीशेजारी फरशीवर बसल्या, आणि बसल्यावर त्यांना जाणवलं की एवढ्या वर्षांत आपण या बाजूला कधी बसलोच नाही. इथून दार फार मोठं दिसत होतं. त्याच्या फळीवर एक ओरखडा होता, कडीजवळ रंग उडाला होता, आणि दोन मिनिटांत तो ओरखडा आणि तो उडालेला रंग जगातल्या सगळ्या गोष्टींपेक्षा ओळखीचा झाला. पलीकडे काही आवाज नव्हता. मुलीची पावलं जिना उतरताना ऐकू आली नव्हती, म्हणजे ती तिथेच होती, दाराला लागून. किंवा नव्हती. टाचणीचा खांदा बाईंच्या खांद्याला लागला होता आणि त्यातून एक बारीक थरथर सतत त्यांच्या अंगात येत होती. तर हे असं असतं. बाईंनी श्वास घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं की छातीतली शिट्टी ऐकू येते आहे, पण ती त्यांच्या छातीतून येत नाही. त्यांचा श्वास मोकळा होता. शिट्टी दाराच्या पलीकडून येत होती. कुणीतरी तिथे दम लागून उभं होतं, न खोकता, अगदी बाईंच्या उंचीवर. त्यांनी बापाकडे पाहिलं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, तो घड्याळाकडे बघत होता. टाचणीला येत होतं. आता दार उघडणार आणि झग्यातली ती बाई आत येणार, चौदा महिने, सहा वर्षं पडद्याआड थांबलेली, तळहात पुढे धरून, आणि मग इथे फरशीवर बसली आहे ती कोण, हे कुणी सांगायचं? बाईंना ओरडावंसं वाटलं की उघडू नका. पण बैठकीत बोलायचं नसतं. त्यांनी टाचणीची मान घट्ट धरली, किंवा टाचणीला धरून स्वतःला.

कडी हलली. दार उघडलं, आणि ऊन आत आलं, आणि उन्हात मुलगी होती. नुसती मुलगी, एकटी. तिच्यामागे जिना होता आणि जिन्यावर कुणी नव्हतं. टाचणीने आधी तिच्या मागे पाहिलं, पार खालपर्यंत, जसं कुणी खिसा उलटा करून बघावं. मग मुलीकडे पाहिलं.

मुलगी तिच्याकडे आली नाही. तिने वळसा घातला नाही, हात लावला नाही. "आले गं," ती म्हणाली, शाळेतून आल्यावर रिकाम्या घराला रोज म्हणत असेल तशी, एक चप्पल इकडे आणि एक तिकडे उडवली, भूक लागलीय, असं स्वतःशीच पुटपुटली आणि कुणाकडेही न बघता सरळ आत निघाली. बाईंच्या हाताखाली टाचणीची मान वळली. आठ दिवसांत पहिल्यांदा दाराला पाठ करून वळली. बाईंनी बोटं सैल सोडली. आधी मागचे पाय ताठ झाले, जरा लटपटले, मग फरशीवर नखं वाजली, एकदा, थांबून पुन्हा. मुलगी तोपर्यंत स्वयंपाकघराशी पोचली होती. नखांचा आवाज तिलाही ऐकू गेला असणार. तिने मागे पाहिलं नाही. डाव्या हाताने स्वयंपाकघराचं दार फक्त आणखी थोडं लोटलं, दोघी आत जातील एवढं, आणि चालत राहिली.